नऊ तारीख, चौदा तास, दहा मिनिटं

शालनताई,

तुम्ही गेल्या आठवड्यात मंगळवारी पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये गेलात. तुमच्या अंजूने मला सकाळी साडेसहाला फोन केला. शुक्रवारी दुपारी बारा वाजता क्रेमेटोरियममध्ये तुम्हाला निरोप दिला. सत्तरएक माणसं आली होती, त्यातली निम्मी तुमच्या जुन्या लॅबमधली.

तुमचा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण आहे, हे आपल्या मराठी मंडळाच्या पत्रकात वेगळं छापलं आहे. ती माहिती मीच लिहून दिली आणि अंजूकडून दोनदा तपासून घेतली. इथे ती परत देत नाही. इथे एक दुरुस्ती द्यायची आहे. ती तुमच्या हयातीत द्यायला हवी होती.

बुधवारी अंजूने परत फोन केला. तुम्हाला तिचं मराठी माहीत आहे, तसंच लिहितो. "काका, वॉटफर्डच्या गुरुजींनी विचारला, एक्झॅक्ट टाइम काय होता, आणि मंडे की ट्यूजडे? मी म्हटली, सर्टिफिकेटवर ट्यूजडे आहे. ते म्हणाले, पण सूर्य उगवला नव्हता ना. मला काहीच कळला नाही."

मी तिला सांगितलं की तिथीसाठी नेमकी वेळ लागते, आणि पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. गुरुजींच्या दृष्टीने तेव्हा अजून सोमवारच होता.

"सो मम दोन दिवशी गेली?"

"एकाच क्षणी गेली. त्या क्षणाची नावं दोन आहेत."

ती म्हणाली, "मम ला हे आवडला असता." फोन ठेवल्यावर मला तुमचा पाद्री आठवला. तुम्हालाही तोच आठवला असता.

आपली ओळख त्याच्यामुळेच झाली. २००२ साली मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं. पुण्यात अकरा वर्षं एका दैनिकाच्या न्यूजडेस्कवर काढली होती, आता हाउन्सलोत एका मालवाहतूक कंपनीचं बुलेटिन काढत होतो, त्यामुळे काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. आलेल्या मजकुरात आठ कविता होत्या, तीन प्रवासवर्णनं होती, आणि निळ्या शाईत हाताने लिहिलेला अडीच हजार शब्दांचा, एका पाद्र्यावरचा लेख होता: 'गावाला न कळलेला खगोलशास्त्रज्ञ'. मी त्याचे अकराशे शब्द केले आणि छापायला पाठवण्याआधी तुम्हाला पोस्टाने कॉपी पाठवली. दोन दिवसांनी फोन आला.

"मी शालन दामले, साउथहॅम्प्टनहून. तू माझा पाद्री अर्धा कापलास."

"अर्ध्याहून जास्त कापला आहे."

"काय काय कापलंस?"

"विशेषणं."

"मग बरं केलंस. पण दुर्बीणसुद्धा कापलीस."

मी म्हटलं, भिंग किती इंचाचं होतं हे स्मरणिकेच्या वाचकाला कशाला हवं. तुम्ही म्हणालात, "त्यावरून त्याला काय दिसत होतं आणि काय दिसणं शक्यच नव्हतं ते ठरतं. तुम्ही पेपरवाले साक्षीदार आंधळा होता का ते विचारत नाही का?" मी दुर्बीण परत घातली. त्या दिवाळीनंतर महिन्यातून एका शनिवारी मी हीथ्रोहून कोचने साउथहॅम्प्टनला येऊ लागलो.

जे तुम्हाला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. ॲम्ब्रोज टिलकॉम्ब हा विंचेस्टरच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावाचा पाद्री होता, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. लग्न केलं नव्हतं. घर त्याची बहीण हॅरिएट सांभाळायची. घरामागे त्याने लाकडी खोली बांधून घेतली होती. तिचं छप्पर चाकांवर होतं आणि दोरी ओढली की बाजूला सरकायचं. तो ज्यांचा उजेड कमी-जास्त होतो असे तारे बघायचा. शेजारचे स्थिर तारे मोजमापाला घ्यायचे आणि आपला तारा त्यांच्याहून किती पायऱ्या उजळ किंवा मंद ते लिहायचं, एवढंच काम. त्याने ते जवळजवळ तीस वर्षं केलं. दर तीन महिन्यांनी नोंदींची नक्कल लंडनला पाठवली. तिकडून आभाराची चार ओळींची पत्रं यायची. त्याच्या नावावर एकही शोध नाही.

"मग त्याच्यावर लिहायचं कशाला?" हे मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"शोध लावणाऱ्यांवर पुस्तकं आहेत," तुम्ही म्हणालात. "याने नुसती ड्यूटी केली. मीही ड्यूटीच केली."

निवृत्त झाल्यावर तुम्ही काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये जुन्या खोक्यांच्या याद्या करायला मदतीला जात होतात. त्याच्या वह्या तिथे एका खोक्यात होत्या, आणि कोणालाच ते अक्षर लागत नव्हतं. तुम्हाला लागलं. "सत्तावीस वर्षं लॅबमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या," तुम्ही सांगायचात, "त्यांच्यापुढे हा पाद्री म्हणजे छापील." तारा आणि शेजारचे तारे ताडून बघणं तुम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. "आम्हीसुद्धा लघवीची पट्टी बाटलीवरच्या रंगांशी लावूनच बघायचो. डोळा एकदा बसला की बसला."

तुम्ही मला त्या गावात एकदाच नेलंत, तुमच्या लहान लाल गाडीतून. दुर्बिणीची खोली राहिलेली नाही. तिथे आता कोणाचं तरी गॅरेज आहे. चर्चच्या आवारात त्याचा दगड आहे, त्यावर नाव आणि तो किती वर्षं पाद्री होता तो आकडा. ताऱ्यांचा उल्लेख नाही. तुम्ही बाकावर बसून फॉइलमधल्या तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्यात आणि चर्चच्या एका जुन्या कारभाऱ्याचं पत्र तोंडपाठ सांगितलंत: रविवारचं प्रवचन लहान झालं की गावाला कळायचं, शनिवारी रात्री आकाश मोकळं होतं.

माझं मन मात्र सारखं जातं ते रेकॉर्ड ऑफिसच्या त्या लांब टेबलाकडे. खिडकीकडच्या दोन खुर्च्या आपल्या. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. वही फोमच्या उशीवर उघडी. तुम्ही हलक्या आवाजात एकेक आकडा वाचायचात आणि मी तुमच्या टाइप केलेल्या प्रतीवर तो तपासायचो. मग आपण जागा बदलायचो, मी वाचायचो आणि तुम्ही तपासायचात. लॅबमध्ये तुम्ही रिपोर्ट असेच सोडायचात, दोन माणसांनी वाचल्याशिवाय नाही. आमच्याकडे मुद्रितशोधन असंच चालायचं, एक वाचणारा आणि एक बघणारा. पहिल्या दिवशी हे जुळलेलं बघून आपण दोघं हसलो आणि काउंटरवरच्या बाईंनी आपल्याकडे पाहिलं. प्रत्येक ओळीपुढे दोन खुणा: पहिली तुमची, दुसरी माझी. दोन खुणा नसलेली ओळ लेखात जायची नाही, हा नियम तुमचा होता.

वह्यांमध्ये आकड्यांखेरीज जवळजवळ काही नसायचं. ढग असले की तो 'ढग' असं लिहायचा, धुकं असलं तर 'धुकं'. एकदा 'ताप, पाहिलं नाही'. तुम्हाला त्याचं हेच आवडायचं. काउंटीच्या इतिहास मंडळाच्या वार्षिक अंकासाठी तुम्ही इंग्रजीत जो मोठा लेख लिहायला घेतलात, त्याचं मुख्य वाक्य तुम्ही आधी मराठीत सांगितलं होतंत: "टिलकॉम्बने न पाहिलेली रात्र कधी लिहिली नाही." बाकी सगळा लेख त्या वाक्याला धरून होता. नऊ वर्षांचं काम त्यात होतं.

एका ओळीत मात्र आकड्यांशिवाय दोन शब्द होते. तिमिंगल तारकासमूहात एक तांबूस तारा आहे. तो सुमारे अकरा महिन्यांत मंद होत होत नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो आणि पुन्हा उजळतो. एका वर्षीच्या ऑक्टोबरात नोंद अशी होती: नऊ तारीख, चौदा तास, दहा मिनिटं. आकाश स्वच्छ. पुढे ताऱ्याचा उजेड, आणि शेवटी 'परत आला'. तीस वर्षांत त्याने आनंद लिहिलेला एवढाच. तुम्ही लेखाची सुरुवात तिथूनच केली होती.

तो शनिवार २००५च्या शरदातला. तुमच्या स्वयंपाकघरात मी लेखाचा मसुदा तपासत होतो. तुम्ही पोहे करत होतात.

"चौदा तास म्हणजे दुपारचे दोन," मी म्हटलं. "दुपारी तारा कसा दिसला?"

"अरे, त्यांचा दिवस दुपारी बाराला सुरू व्हायचा. रात्रीच्या मध्येच तारीख बदलायला नको म्हणून. बारापासून चौदा तास मोज."

मी मोजले. मध्यरात्रीनंतर दोन वाजून दहा मिनिटं. समासात पेन्सिलने लिहिलं: '९ ऑक्टोबर, पहाटे २.१०'. मग मी तुम्हाला जे प्रत्येक बातमीदाराला विचारायचो तेच विचारलं. "दुसरा सोर्स कुठे आहे?"

तुमच्याकडे तो होता. हॅरिएटची घरखर्चाची आणि हवापाण्याची डायरी त्याच खोक्यात निघाली होती, आणि त्या आठवड्याच्या पानाची फोटोकॉपी तुम्ही मागवून ठेवली होती. पान तीन तारखेपासून नऊ तारखेपर्यंतचं. आपण ते टेबलावर ठेवून एकत्र वाचलं. पाच तारखेला त्यांचा बोका नाहीसा झाला होता. सहालाही नाही, सातलाही नाही. तुम्ही हसून म्हणालात, "बिचारी भाऊ सोडून बोक्याची वाट बघते आहे." मग आठ तारीख. हॅरिएटने लिहिलं होतं की रात्रीच्या जेवणानंतर पाऊस सुरू झाला तो सकाळपर्यंत थांबला नाही, आणि जिन्यात बादली ठेवावी लागली. नऊ तारखेला चादरी वाळल्या, वारा उत्तरेचा. पान संपलं.

आठच्या रात्रीपासून नऊच्या सकाळपर्यंत पाऊस. आणि पाद्री म्हणतो, नऊ तारखेच्या पहाटे दोन दहाला आकाश स्वच्छ.

मी बोट ठेवून दाखवलं. तुम्ही गॅस बंद केलात, चष्मा लावलात, आणि दोन्ही कागद तीन वेळा वाचलेत.

"तो खोटं लिहिणार नाही."

"बहीण लिहील का?"

"नाही. तिला कशाला लिहायचंय."

"मग?"

"मला काहीतरी चुकतंय असं वाटतंय. पण काय ते दाखवता येत नाही."

"दाखवता येत नसेल तर छापता येत नाही, ताई."

हे वाक्य मी डेस्कवर शेकडो वेळा वापरलं असेल. तुमच्या स्वयंपाकघरात ते मी त्याच आवाजात म्हटलं. आणि थांबलो नाही. मी म्हटलं की एक रात्र अशी निघाली तर बाकीच्या रात्रींवरही प्रश्न येतो, म्हणून तुमचं मुख्य वाक्य राहू शकत नाही. हे तर्काला धरून होतं. पोहे आपण खाल्ले. जाताना तुम्ही मला स्टँडवर सोडलंत आणि म्हणालात, "तुझा डोळा चांगला आहे रे." चार दिवसांनी तुम्ही लेख मागे घेतल्याचं पत्र इतिहास मंडळाला पाठवलंत, असं मला तुमच्याच एका ओळीच्या पोस्टकार्डावरून कळलं. तेव्हा मला, हे नोंदवायला हवं, थोडं समाधान वाटलं होतं. चूक छापण्याआधी पकडली होती.

त्यानंतर आपलं भांडण झालं नाही. शनिवार बंद झाले, एवढंच. "सध्या नको येऊस, थंडी आहे." पुढे, "अंजूच्या घराचं काम चाललंय." दिवाळीला कार्ड आलं, मी पाठवलं. मी फोन केला की तुम्ही माझ्या खोकल्याची चौकशी करायचात आणि मी तुमच्या गुडघ्याची. पाद्रीचं नाव दोघांनीही घेतलं नाही. तुम्ही रेकॉर्ड ऑफिसला जाणं सोडल्याचं अंजूने एकदा सहज सांगितलं. "मम आता गार्डनिंग करते. पण तिला गार्डनिंग आवडत नाही."

एकच फोन वेगळा होता. गेल्या मे महिन्यात, रविवारी दुपारी, तुम्ही स्वतः केलेला. मी इस्त्री करत होतो.

"बातमीदार, एक सांग. पेपरात रात्रपाळी करायचास ना?"

"वर्षानुवर्षं."

"रात्री दोनला पान लावत असलास की त्यावर तारीख कुठली टाकायचास?"

"उद्याची. म्हणजे सकाळी जो अंक हातात पडणार, त्याची."

"म्हणजे आठला संध्याकाळी कामावर आलास तर रात्री दोनला नऊ."

"हो. का?"

"काही नाही. आमच्याकडे उलटं होतं. रात्रपाळीचं रजिस्टर सकाळी बदलायचं. नऊला रात्री ड्यूटीवर आले की पहाटे दोनचं सॅम्पलसुद्धा नऊच्याच पानावर."

"बरं."

"बरं काय. नऊ वर्षं वह्या मी वाचल्या आणि माझ्या लक्षात आलं नाही. तू इस्त्री करतोयस का? वाफेचा आवाज येतोय." मग तुम्ही माझ्याकडे हवा कशी आहे ते विचारलंत आणि फोन ठेवलात. नंतर माझ्या लक्षात आलं की तुम्ही हसत होतात. कशाला, ते मी विचारलं नाही. अकरा वर्षं लोकांना प्रश्न विचारण्याचा पगार घेतलेल्या माणसाने त्या रविवारी एकही प्रश्न विचारला नाही.

शुक्रवारी क्रेमेटोरियममधून सगळे तुमच्या घरी आले. स्वयंपाकघरात तुमच्या लॅबमधल्या दोघीजणी कप विसळत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "शी नेव्हर लेट अ रिझल्ट गो अनचेक्ड, यू नो." मी म्हटलं, माहीत आहे. बंदराकडून एका मोठ्या बोटीचा भोंगा ऐकू आला. अंजूने मला वरच्या खोलीत बोलावलं आणि हातात एक हिरवी फाइल आणि एक न फोडलेलं पाकीट दिलं.

"हा फाइल तुमच्यासाठी आहे. मम म्हणाली होती, मॅगझिन आला की त्याला लंचला बोलवू, मीच देणार, तू नाही द्यायची. मॅगझिन काल आला. थर्सडेला." ती पलंगावर बसली. "ती एक्सायटेड होती, काका. ख्रिसमसपासून पोस्टमनची वाट बघत होती. मी म्हटली, पोस्टाने पाठव ना त्यांना. ती म्हणाली, नाही, मला त्याचा चेहरा बघायचाय."

फाइल मी तिथेच उघडली. सगळ्यात वर पोस्टकार्डाएवढा कागद होता, तुमच्या निळ्या शाईत तीन ओळी:

'पेपर: ८ ची रात्र = ९.
लॅब: ९ ची रात्र = ९.
पाद्री = लॅब.'

त्याखाली हॅरिएटच्या डायरीच्या पुढच्या पानाची फोटोकॉपी. मागच्या बाजूला रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का, गेल्या मे महिन्याचा. तुमच्या त्या फोनच्या नंतरच्या मंगळवारचा.

चूक अशी होती. टिलकॉम्बचा दिवस नऊ तारखेला दुपारी बाराला सुरू झाला. तिथून चौदा तास दहा मिनिटं म्हणजे आपल्या दहा तारखेची पहाट. तास मी बरोबर मोजले आणि तारीख तशीच ठेवली. 'नऊ तारीख' आणि 'रात्रीचे दोन' हे शब्द शेजारी दिसले की माझ्या डोळ्यांसमोर आठ आणि नऊच्या मधली रात्र येते, कारण अकरा वर्षं मी त्याच रात्री नऊचा अंक लावत आलो. नऊला चादरी वाळल्या, वारा उत्तरेचा, हे त्या दिवशी माझ्या समोरच लिहिलेलं होतं. आणि पुढचं पान मी मागवलं नाही.

पुढच्या पानावर, दहा तारखेखाली, हॅरिएटने लिहिलं आहे:

'रात्र थंड आणि अगदी निरभ्र होती. ॲम्ब्रोज न्याहारीला खाली आला नाही. दार वाजवलं तर आतून म्हणाला, परत आला. मी समजले बोका आला, आणि दूध ठेवलं.'

मी ते अंजूला मराठीत वाचून दाखवलं. ती हसली आणि मग बराच वेळ रडली. खाली कोणीतरी तिला हाक मारली, ती गेली.

शालनताई, मे महिन्यापासून जानेवारीपर्यंत तुम्हाला हे माहीत होतं. जूनमध्ये मी गुडघ्याची चौकशी केली तेव्हा माहीत होतं. दिवाळीच्या कार्डावर तुम्ही नेहमीसारखंच 'अनेक आशीर्वाद' लिहिलंत. मी फोनवर माफी मागितली असती, आणि तुम्हाला ती नको होती. तुम्हाला छापलेलं पान माझ्यापुढे ठेवायचं होतं, पोहे बाजूला सारून, मी तुमच्यापुढे ते डायरीचं पान ठेवलं होतं तसंच. ते तुमचं येणं होतं आणि ते चुकतं करण्याचा माझाही हक्क होता. चार दिवस कमी पडले, फार तर पाच.

सव्वादोन वर्षं आपण एका माणसाला खोटा धरून राहिलो, असं मी म्हणत होतो. तेही बरोबर नाही. खोटा मी धरला. तुम्ही 'तो खोटं लिहिणार नाही' एवढं म्हणालात आणि पुरावा मिळेपर्यंत लेख बाजूला ठेवलात. माझ्या धंद्यात हेच शिकवतात. ते तुम्ही केलंत.

लेख आता छापून आला आहे. एकोणीस पानं आहेत. पहिलं वाक्य 'परत आला'वरून सुरू होतं. मुख्य वाक्य जागेवर आहे. दुर्बिणीच्या भिंगाचं माप आहे. विशेषणं मी मोजली नाहीत, पण कमी आहेत. तळटीप सतरा अशी आहे, मी मराठीत देतो: 'या नोंदीची वेळ आधी ९ ऑक्टोबरच्या पहाटेची धरली गेली, आणि त्यामुळे हा लेख दोन वर्षं उशिरा येत आहे. ती चूक माझी आहे. शा. दा.'

ही तळटीप चुकीची आहे. चूक माझी होती. इतिहास मंडळाच्या संपादकांना मी तसं पत्र रविवारी पाठवलं आहे, सोबत माझ्या हाताने '९ ऑक्टोबर, पहाटे २.१०' लिहिलेल्या समासाची प्रत जोडली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

तुमच्या दाखल्यावर मंगळवार आहे, पहाटे दोन चाळीस. टिलकॉम्बच्या वहीत तो सोमवार झाला असता, चौदा तास चाळीस मिनिटं. तुमच्या जुन्या रजिस्टरमध्येही तुम्ही सोमवारच्याच पानावर असता.

फाइलमध्ये सगळ्यात खाली आपली टाइप केलेली प्रत होती, ऑक्टोबरचं पान. नऊ तारखेच्या ओळीपुढे पेन्सिलने एक खूण होती, तुमची. शेजारची माझी खूण पोह्यांच्या त्या दिवशी मीच रबराने पुसली होती, ती जागा मोकळीच होती. शनिवारी दुपारी मी रेकॉर्ड ऑफिसला गेलो, खिडकीकडच्या खुर्चीवर बसून ती ओळ मूळ वहीतून एकेक आकडा वाचली, आणि दुसरी खूण केली.